दुधी शीटखालचं आभाळ

पर्गोला म्हणे! चार लोखंडी खांब, वर आडव्या-उभ्या पट्ट्या. शिडी उताणी टाकावी तसं ते प्रकरण. आमच्याकडं त्याला सरळ मांडव म्हणतात. पण माझे मालक, अमृत, कुपवाडच्या एमआयडीसीत वेल्डर आहेत. त्यांनी मोबाइलवर कुठंतरी तो शब्द वाचला आणि तेव्हापासून आमच्या परसातल्या मांडवाचा पर्गोला झाला. नाव काय का असेना, त्याच्या छपरानं पंधरा दिवस आमच्या घरातल्या माणसांच्या तोंडचं पाणी पळवलं.

मांडव घातला मामांसाठी. मामा म्हणजे माझे सासरे, अर्जुना. गाव वडूजच्या पलीकडं, नुसतं माळरान. सगळा जन्म मेंढरांमागं गेला त्यांचा. माघात ओढ्याच्या खडकावरून पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. सांगलीत ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, तीन महिने वॉकर धरून बाथरूमपर्यंतच चालायचं, गावाचं नाव काढायचं नाही. मग मेंढरं भाच्याच्या, धुळाच्या, हवाली केली आणि मामांना आम्ही कुपवाडला घेऊन आलो.

आणलं खरं, पण मामा घरात राहतील तर शपथ. दोन खोल्या आणि वर स्लॅब. पहिल्याच दिवशी म्हणाले, "ए पोरी, ह्या खोक्यात माझा जीव गुदमरतोय. माझी बाज भाईर टाक."

"आवं मामा, भाईर ऊन हाय."

"ऊन काय मला खातंय? सत्तर वर्षं ऊनच खाल्लं की."

ह्या माणसाशी वाद घालण्यापेक्षा दगडावर डोकं आपटलेलं बरं. बाज परसात टाकली. परस म्हणजे बारा बाय दहाची फरशी, तिन्ही बाजूंनी उंच भिंती, पलीकडं बनुबाईंचं दोन मजली घर. मार्च लागला होता. दहा वाजले की फरशीवर पाय ठरत नव्हता. म्हणून ह्यांनी दोन सुट्ट्या खर्चून, वर्कशॉपातले उरलेसुरले चौकोनी पाइप जोडून मांडव उभा केला. काम देखणं केलं, खोटं कशाला बोलू. प्रश्न एवढाच होता, वर काय घालायचं.

"पत्रा टाकू," हे म्हणाले.

माझं डोकं सणकलं. आमच्या स्वयंपाकघराला एकच खिडकी, ती परसात उघडणारी. "टाका पत्रा! आन् मी दिवसाढवळ्या दिवा लावून तांदूळ निवडते. लाइटबिल तुमी भरा, खडं पण तुमीच खावा. आन् खाली मामा भाजून निघतील ते येगळंच."

पत्रा रद्द झाला.

माझं माहेर पलूसचं. भावाची द्राक्षबाग आहे. बागेवर टाकायचा प्लास्टिकचा कागद त्यानं फुकटात दिला. उजेड येत होता, पण वारा सुटला की असा फडफडायचा की मामा वैतागले. म्हणाले, "वर कोण बसलंय रं? त्याला खाली उतरव आधी." कागद काढला. मग हिरवी जाळी आणली. सावली छान पडली, पण सगळं हिरवं. पिठलं हिरवं, मामांचा पांढराशुभ्र पटका हिरवा, ह्यांचं तोंड हिरवं. बनुबाईंनी भिंतीवरून डोकावून विचारलं, "अगं पल्लवी, तुमच्यात कोण आजारी हाय का?" जाळी पण काढली.

शेवटी आम्ही दोघं सांगलीला शीटच्या दुकानात गेलो. दुकानदार हंबीरराव, माणूस बोलका. त्यानं आधी मधाच्या पोळ्यासारखी आतून पोकळ असलेली शीट दाखवली. एकदम भारी, पण भाव ऐकून ह्यांनी ती हळूच जागेवर ठेवली. मग पत्र्यासारख्या नागमोडी पॉलिकार्बोनेटच्या शीट दाखवल्या. एक काचेसारखी, आरपार दिसणारी. दुसरी दुधासारखी पांढरी.

"क्लिअर घेतली तर ऊन सरळ अंगावर येणार," हंबीरराव म्हणाले. "दुधी न्या वहिनी. उजेड भरपूर, चटका कमी. एका कारखान्याच्या ऑर्डरीतल्या पाच राहिल्यात. पाचही उचला, तीनच्या भावात देतो."

ह्यांची कळी खुलली. "अगं, आमच्या शेडमधी हीच असतीया. लय भारी उजेड. कामावर सावली पडत न्हाई. वेल्ड कसं लख्ख दिसतंय!"

पाचच्या पाच घेतल्या. टेम्पोनं घरी आणल्या, ऊन सोसणारी स्टिकरची बाजू वर करून, रबरी वायसर लावून ह्यांनी त्या एका दिवसात बसवल्या. मी स्वयंपाकघरात जाऊन बघितलं तर काय, पितळेचे डबे चकाकत होते! बारा वर्षांच्या संसारात त्या खोलीत एवढा उजेड मी पहिल्यांदा बघितला. हंबीररावाला मी मनातल्या मनात दुवा दिला.

मामांनी बाजेवर पडून वर बघितलं. "ह्यातनं समदं येतंय व्हय रं?"

"समदं येतंय दादा," हे छाती फुगवून म्हणाले. "काय अडत न्हाई. उघड्यावर झोपल्यागत."

मामांचा लेकावर भारी विश्वास. त्यांनी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भांडी घासत होते. मामा म्हणाले, "पोरी, आभाळ आलंय."

"हं," म्हटलं मी. कामाच्या नादात कुणाचं आभाळ बघते!

थोड्या वेळानं बघते तर ते फोनवर धुळाशी बोलत होते. "आभाळ भरलंय बग धुळा. एकसारखं पांढरं. ही गारंची लक्षणं. मेंढरं सोडू नगंस, कोकरं झाकून घे."

तिथून जे सुरू झालं ते थांबेचना. रोज सकाळी आभाळ. रोज गारा. एक वाजता ताट नेलं तर म्हणायचे, "आत्ता तर न्याहारी झाली. अजून फटफटलंय नुसतं." ताट तसंच परत. चार वाजता विचारायचे, "दोपारचं जेवान देनार न्हाईस व्हय आज?" मी भिंतीवरचं घड्याळ काढून त्यांच्यापुढं धरलं. त्यांनी ते कानाला लावलं, हलवलं आणि म्हणाले, "बिघडलंय हे."

घड्याळ टकटक करत होतं. मी ते परत भिंतीवर टांगलं.

एकदा विसरलं तर विसरलं, माणूस आहे. पण आमच्या घरात हे दुसऱ्यांदा होत होतं. माझ्या सासूबाई, हरणाबाई, शेवटची दोन वर्षं माणसं ओळखत नव्हत्या. त्यांचंही असंच सुरू झालं होतं. सकाळ कुठली, संध्याकाळ कुठली, तेच कळेना. शेवटी शेवटी ह्यांना, पोटच्या लेकाला, विचारायच्या, "पाव्हणं, तुमी कुठलं?" हे परसात जाऊन रडायचे. ते दिवस मी बघितलेत. वैऱ्यावरही येऊ नयेत.

बनुबाईंनी भिंतीवरून ऐकलंच. म्हणाल्या, "वय झालं की हुतंय गं. तुझ्या सासूचं न्हाई का झालं तसं?" वाईट मनानं नाही म्हणाल्या, पण मला असा राग आला! म्हटलं, "काकू, तुमचं दूध उतू जातंय बगा." जात नव्हतं. पण त्या गेल्या.

त्या संध्याकाळी हे कामावरून आले आणि बाजेच्या पायाशी जाऊन बसले. मग हळूच विचारलं, "दादा, मी कोण?"

मामांनी त्यांच्याकडं बघितलं. "तू कोण? येडा हाईस व्हय रं? का दारू प्यायलास?"

मला हसू आलं आणि रडूही आलं. ह्यांना वाटलं, ओळखतात अजून. पण त्यांनी ताट पुढं ओढलं तरी दोन घासांपलीकडं जेवण गेलं नाही. "अजून ओळखत्यात," एवढंच परत परत म्हणत राहिले. त्या 'अजून'चा अर्थ मला कळत होता.

आणि मग धुळाचा फोन आला. मला आला, मामांना नाही.

"वैनी, एक विचारू का? मामांचं बरं हाय न्हवं?"

"का रं?"

"चार दिस झालं मेंढरं वाघरात डांबून ठेवलीत. मामा म्हणत्यात आज गारा, उद्या गारा. हितं ऊन मी म्हणतंय. कोकरं बोंबलायला लागलीत. गावातली माणसं मला हसत्यात."

वाघर म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी. मी ओरडलेच. "मग सोडायची की! तुला डोळं न्हाईत का? वर बगायचं न्हाई?"

"बगतो की. एक ढग न्हाई."

"मग?"

"मग काय वैनी? मामा सांगत्यात आन् मी सोडू? त्येंचं आभाळ कवा चुकलंय आजपातूर?"

तो खरं बोलत होता. मामांनी वर बघून सांगितलं आणि तसं झालं नाही, असं कुणाला आठवत नाही. चार-चार गावचे लोक त्यांना विचारून मेंढरं हलवायचे. धुळाला स्वतःच्या डोळ्यांपेक्षा मामांच्या डोळ्यांचा भरवसा जास्त. अशा माणसाला निरभ्र उन्हात गारा दिसायला लागल्या, म्हणजे काय समजायचं? मी धुळाला सांगितलं, उद्यापासून गुपचूप सोड, मामांना कळवू नको. आणि फोन ठेवला.

हे ऐकल्यावर ह्यांनी सांगलीच्या मेंदूच्या डॉक्टरांकडं नंबर लावला. सोमवारी सकाळी अकराचा.

शनिवार आला. ह्यांनी सुट्टी टाकली होती. मामांना आंघोळ घालायला ते त्यांना आत घेऊन गेले. मी बाजेवरची वाकळ बदलायला परसात आले. चार दिवस डोळ्याला डोळा लागला नव्हता. म्हटलं दोन मिनिटं पाठ टेकावी. आडवी झाले आणि वर बघत पडले.

वर सगळं पांढरं. इकडून तिकडून एकसारखं. डोळा कधी लागला कळलं नाही. जागी झाले ती दचकूनच. सकाळी बनुबाईंच्या गच्चीवर मी चार किलो गव्हाच्या कुरडया वाळत घातल्या होत्या. आणि वर बघते तर आभाळ भरलेलं!

"अगं आई गं, कुरडया!"

तशीच उठले. अनवाणी, पदर खोचत, बनुबाईंच्या घरातल्या जिन्यावरून दोन-दोन पायऱ्या टाकत गच्चीवर गेले. पहिलं पाऊल टाकलं आणि तळपाय असा भाजला की मी किंचाळले. डोळे उघडवेनात. ढग औषधालासुद्धा नाही. कुरडया खुसखुशीत वाळत पडल्या होत्या.

मी एका पायावर नाचत तिथंच थांबले. चटका तळपायातून डोक्यात गेला तशी एकेक गोष्ट डोक्यात शिरायला लागली. आत्ता खाली आभाळ कुणाला दिसलं? मला. मी काय म्हातारी झालेय? माझं डोकं फिरलंय? छत्तीस वर्षांची धडधाकट बाई मी, मला जर दहा मिनिटांत ढग दिसले, तर जो माणूस आठवडाभर त्याच बाजेवर उताणा पडलाय त्याला दुसरं काय दिसणार?

बनुबाई वर आल्या. "काय झालं गं? किंचाळलीस का?"

"काय न्हाई काकू!" मी त्यांना मिठीच मारली. "आमच्या मामांना काय सुदीक झालं न्हाई!"

त्या माझ्याकडं अशा बघायला लागल्या की आता नंबर माझाच लागतोय. मी धावत खाली आले. मांडवाखाली उभी राहिले आणि हात पुढं धरला. फरशीवर हाताची सावली नाही. बाजेखाली नुसता मळकट उजेड. खांबाला सावली नाही, तांब्याला नाही, मला नाही. आणि त्या भिंतींच्या आत दुसरं आभाळ दिसायला जागाच नाही.

"आवं!" मी आत ओरडले. "भाईर या! आत्ताच्या आत्ता!"

हे ओल्या हातांनी धावत आले. त्यांना वाटलं, साप निघाला. मी त्यांचा हात धरून फरशीवर आडवा केला. "सावली दावा."

त्यांनी हात वर-खाली केला. मग माझ्याकडं बघितलं, मग वर शीटकडं. "कामावर सावली पडत न्हाई," ते पुटपुटले आणि बाजेवर बसले. "आयला पल्लवी. त्यासाठीच करत्यात की ही. मी मला कळतंय म्हणून आणली."

"बसू नका, उठा! एक शीट काढा."

ते स्टुलावर चढले. मधल्या शीटचे स्क्रू भराभरा काढले आणि शीट सरकवली. धपकन ऊन खाली पडलं. फरशीवर लांबलचक पट्टा, त्यावर मांडवाच्या पट्ट्यांच्या काळ्या रेघा. एवढं ओळखीचं ऊन, पण मी त्याच्याकडं बघतच राहिले.

तेवढ्यात मामा वॉकर टेकत, अंगाला टॉवेल गुंडाळून दारात आले. त्यांना थंडी वाजत होती, म्हणून चिडले होते. "मला तिथं भिजवून सोडून हे काय चाल..." आणि थांबले. उन्हाकडं बघितलं, खांबाच्या बुडाकडं बघितलं.

"अरं, हे काय! दिस तर कलला की. एक वाजून गेला."

मी मोबाइल बघितला. एक वाजून दहा मिनिटं. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"आन् आभाळ कुठं गेलं?" मामांनी विचारलं.

"आभाळ नव्हतंच दादा," हे म्हणाले. "वरच्या शीटनं तसं दिसत हुतं. ऊन पसरून टाकतीया ती. सावली पाडू देत न्हाई."

मी मनाशी म्हटलं, आता समजूतदारपणानं काहीतरी बोलतील. कुठलं काय!

"गाढवा! मी इचारलं हुतं का न्हाई तुला, समदं येतंय का म्हणून? काय म्हणलास? समदं येतंय, काय अडत न्हाई! मी तुझ्या बोलण्यावर ऱ्हायलो. मला वाटलं, आभाळच तसं हाय. आन् तुमी दोघं माझ्याकडं असं बगायचा जसं काय मला..." ते थांबले. त्यांचा आवाज जरा बारीक झाला. "मला पण वाटाया लागलं हुतं, हरणीवानी माझं बी सुरू झालं."

म्हणजे तेही घाबरले होते. इतके दिवस आम्ही तिघं एकाच गोष्टीला घाबरत होतो आणि तिघंही एकमेकांपासून लपवत होतो. मी पुढं होऊन त्यांना बाजेवर बसवलं, अंग पुसलं, सदरा चढवला. त्यांनी सदऱ्याचं बटण लावू दिलं.

मग त्यांनी फोन मागितला. "धुळा? मेंढरं सोड. काय? सोडलीस? कवा? मला न इचारता?" मला वाटलं, आता त्याची खरडपट्टी निघणार. निघालीच, पण उलटी. "मग पहिल्याच दिशी का न्हाई सोडलीस रं मूर्खा? शंभर कोसावर पडल्याला म्हातारा आभाळ सांगतोय आन् तू ऐकतोस? तुझं डोळं काय कोकरांनी खाल्लं?"

पलीकडून धुळा खदाखदा हसताना आम्हाला इथं ऐकू येत होता.

हे स्टुलावर चढून बघत होते. "मधली एकच क्लिअर टाकू. बाकी चार ऱ्हाऊ देत. बाज जरा कडंला सरकवली की ऊन अंगावर येत न्हाई, नुसतं फरशीवर दिसतंय. एका शीटचा काय खर्च न्हाई."

"आन् माझ्या स्वयंपाकघरातला उजेड?"

"वाढंल, कमी हुनार न्हाई."

"मग टाका," मी म्हटलं. त्या घडीला त्यांनी ताडपत्री टाकतो म्हटलं असतं तरी मी हो म्हटलं असतं.

हे खाली उतरले, कपाळावरचा घाम पुसला आणि दवाखान्यात फोन लावला. सोमवारचा नंबर रद्द करायचा होता. पलीकडं कुणीतरी बाई असावी. हे स्पीकरवरच बोलत होते.

"अर्जुना नावानं नंबर हाय, अकराचा. त्यो रद्द करा."

तेवढ्यात मामा बाजेवरून कडाडले, "ए पोरी! ऊन खांबाला लागलं! माणसाला मारायचा इचार हाय का तुमचा? भाकरी कुठंय?"

"येऊ शकत नाही का?" फोनवरची बाई विचारत होती. "पेशंटला आता काय त्रास होतोय?"

ह्यांनी मामांकडं बघितलं. डोळे डबडबले होते आणि तोंडभर हसू होतं.

"भूक लागलीय त्यास्नी," ते म्हणाले. "लय भूक लागलीय."